थंडीतला व्यायाम आणि आपले कपडे



दिवाळी उलटली की महाराष्ट्रात थंडी पडू लागते. डिसेंबर आणि जानेवारी महिन्यांत नाशिक, धुळे, जळगाव, परभणी, नागपूर या भागांत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. नाशिक जिल्ह्यातील निफाड तर थंडीसाठी प्रसिद्धच आहे. तेथे पारा कधीकधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे गवतावरचे दवबिंदू गोठलेले दिसतात.

हेच दिवस शाळांच्या क्रीडास्पर्धांचेही असतात. मैदानावर धावण्याचा, कबड्डीचा, खो-खोचा सराव सुरू होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी तरुण मुले-मुली याच दिवसांत पहाटे उठून धावतात. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तुमच्यापैकी कोणाचा मोठा भाऊ किंवा बहीणही या तयारीत असेल.

आता एक प्रश्न विचारतो. थंडीत धावायला जाताना अंगावर काय घालावे? तुम्ही म्हणाल, "त्यात काय विचारायचे? जाड स्वेटर घालावा." दुसरा कोणी म्हणेल, "धावल्यावर गरम होतेच, मग साधी बनियन पुरे." ही दोन्ही उत्तरे अर्धी बरोबर आणि अर्धी चूक आहेत. ती कशी, हे आज आपण समजून घेऊ.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्वेटर आपल्याला ऊब देतो, असे आपण म्हणतो. पण स्वेटर काही शेगडी नाही. त्याच्यात उष्णता निर्माण होत नाही. बर्फ विकणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो बर्फाची लादी लाकडाच्या भुशात ठेवतो आणि वरून गोणपाट टाकतो. गोणपाटात ऊब असती तर बर्फ लवकर वितळला असता. पण तो तर जास्त वेळ टिकतो. म्हणजे गोणपाट बाहेरची उष्णता बर्फापर्यंत येऊ देत नाही. स्वेटरही हेच काम करतो, फक्त उलट दिशेने. तो आपल्या शरीरातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. उष्णता आपलीच असते, स्वेटर केवळ तिचा पहारेकरी असतो.

हा पहारा नेमके कोण करते? लोकरीचे धागे कुरळे असतात. त्यांच्यामध्ये लहान लहान पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांत हवा अडकून बसते. न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून कपड्याची खरी ऊब धाग्यापेक्षा त्यात अडकलेल्या हवेत असते. गादीतला कापूस दबला की गादी थंड लागते. पिंजाऱ्याने तो पिंजून दिला की तीच गादी पुन्हा उबदार होते. कापूस तोच असतो. त्यात पुन्हा हवा भरलेली असते.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. उर्दूत मेंढीच्या केसांना आपण 'ऊन' म्हणतो. मराठीत त्याला 'लोकर' म्हणतात. मराठीत 'ऊन' म्हणजे सूर्याची धूप! तेव्हा "मी ऊन घातले" असे मराठीत म्हणाल, तर ऐकणारा गोंधळून जाईल. थंडीत लोकर अंगावर घालावी आणि उन्हात जाऊन बसावे, असे लक्षात ठेवा. तसेच उर्दूत 'हवा चल रही है' म्हणतात, पण मराठीत वाहतो तो 'वारा'. सगळीकडे भरलेली ती हवा, आणि ती जोरात वाहू लागली की वारा. आपल्या आजच्या विषयात या दोन शब्दांतला फरक फार महत्त्वाचा आहे. कपड्यात थांबलेली हवा आपली मैत्रीण आहे. अंगावर येणारा वारा मात्र आपली ऊब पळवून नेतो.

आता व्यायामाकडे वळू. आपल्या शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. आपण धावतो तेव्हा स्नायू अन्नातून मिळालेली शक्ती वापरतात. पण त्या शक्तीचा साधारण चौथा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. म्हणून पहाटे कुडकुडत धावायला सुरुवात केलेला मुलगा दहा मिनिटांत स्वेटरची बटणे सोडू लागतो. शरीर ही जास्तीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम आणते.

घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. शंभर ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पेल्याइतका घाम वाळला, तर तितक्या उष्णतेत अर्धा लिटरपेक्षा जास्त बर्फगार पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. उन्हाळ्यात मातीच्या माठातले पाणी याच कारणाने गार होते. माठाला पाझर फुटतो, ते पाणी वाळते आणि आतले पाणी थंड होते. माठावर ओले फडके गुंडाळले तर पाणी आणखी गार होते.

आता हा माठ डोळ्यांसमोर ठेवून एका मुलाची कल्पना करा. त्याने सुती बनियन, त्यावर सुती शर्ट आणि त्यावर जाड स्वेटर घातला आहे. तो मैदानाला आठ फेऱ्या मारतो. घामाने बनियन चिंब होते, शर्टही ओला होतो. धावत असेपर्यंत त्याला काही वाटत नाही, कारण स्नायू उष्णता पुरवत असतात. मग तो थांबतो आणि मित्रांशी गप्पा मारत उभा राहतो. स्नायूंची भट्टी विझते. पण अंगावरचे ओले कपडे तसेच असतात. थंड वारा सुटलेला असतो. हा मुलगा आता चालताबोलता माठ झालेला आहे! पाच-दहा मिनिटांत त्याला हुडहुडी भरते. म्हणजे जाड स्वेटर घालूनही त्याला थंडी वाजली, आणि ती धावण्याआधी नव्हे, तर धावल्यानंतर. थंडीतल्या व्यायामात खरा शत्रू थंडीपेक्षा ओलावा आहे.

ओल्या कपड्याने दुहेरी नुकसान होते. एक तर पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. दुसरे असे की, कपड्याच्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरते. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने निघून जाते. पहारेकरीच चोराला सामील व्हावा, तशी ही अवस्था असते.

हे तुम्ही घरी करून पाहू शकता. सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घ्या. मोठ्या माणसाच्या मदतीने तिन्हींत हाताला सोसेल इतके गरम पाणी भरा. पहिली बाटली उघडीच ठेवा. दुसरीवर कोरडा पायमोजा चढवा. तिसरीवर तसाच पायमोजा ओला करून, पिळून चढवा. तिन्ही बाटल्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि अर्ध्या तासाने त्यांतले पाणी तपासा. कोरड्या मोजाच्या बाटलीतले पाणी सर्वांत कोमट राहिलेले असेल. ओल्या मोजाच्या बाटलीतले पाणी उघड्या बाटलीपेक्षाही गार झालेले आढळेल. वाऱ्यात ओला कपडा असण्यापेक्षा तो नसलेला बरा, हे यातून तुम्हांला कळेल.

मग कोणता कपडा निवडावा? आपल्यापैकी अनेकांना कापडाची ओळख शाळेआधीच होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. तेथील मुलांना ताणा-बाणा, सूत, पॉलिएस्टर हे शब्द शिकवावे लागत नाहीत. त्याच ओळखीचा उपयोग येथे करू.

सुती कापड कापसाचे. ते मऊ असते, उन्हाळ्यात त्याच्यासारखे सुख दुसरे नाही. पण कापसाचा धागा पाणी आवडीने पितो आणि ते लवकर सोडत नाही. उन्हाळ्यातला हाच गुण थंडीच्या व्यायामात दोष ठरतो. पॉलिएस्टरचा धागा याच्या उलट आहे. तो स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही. घाम धाग्यांच्या फटींतून कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर वाळतो. खेळाडूंच्या जर्सी बहुधा याच धाग्याच्या असतात, त्याचे कारण हेच. लोकर तिसऱ्या प्रकारची आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी ओल धाग्याच्या आत शोषून घेते, तरी हाताला फारशी ओली लागत नाही. शिवाय ओली झाली तरी तिचा कुरळेपणा बराचसा टिकतो, म्हणून थोडी हवाही तिच्यात टिकून राहते.

आपल्या धनगर बांधवांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते मेंढरांमागे रानोमाळ हिंडतात. त्यांच्या खांद्यावर जाड लोकरीची घोंगडी असते. रिमझिम पाऊस आला तर ते तीच डोक्यावरून घेतात आणि रात्री तीच अंथरतात-पांघरतात. पुस्तकात न वाचता त्यांनी कापडाचे शास्त्र अनुभवातून शिकून घेतले आहे.

आता मुख्य मुद्दा. थंडीत एकच जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. यालाच 'थर' म्हणतात. थंडीने अंग कापते त्याला मराठीत 'थरथरणे' म्हणतात. तेव्हा थरथर नको असेल तर थर हवेत, असे ध्यानात ठेवले तर विसरणार नाही.

पहिला थर अंगाला लागून असतो. त्याचे काम ऊब देणे नसून अंग कोरडे ठेवणे हे आहे. म्हणून येथे पातळ, अंगाला बेताची बसणारी खेळाची जर्सी चांगली. दुसरा थर उबेचा. लोकरीचा हलका स्वेटर किंवा मऊ लवदार कापडाचे जॅकेट येथे चालते. हा थर घट्ट नसावा. घट्ट कपड्यात हवा राहत नाही. तिसरा थर वाऱ्याला अडवणारा. घट्ट विणीचे पातळ जाकीट, ज्याला आपण विंडचीटर म्हणतो, ते या कामाचे आहे. त्याला पुढे चेन असावी, म्हणजे गरम होऊ लागताच ती थोडी उघडता येते. वारा नसेल आणि थंडी बेताची असेल, तर तिसऱ्या थराची गरज नसते. तो कमरेला बांधून ठेवावा.

थरांचा मोठा फायदा हा की, ते एक-एक करून काढता-घालता येतात. जाड स्वेटर एक तर अंगावर असतो, नाही तर हातात. मधली सोय त्यात नाही. थरांत ती सोय असते. घाम फुटण्याआधी वरचा थर काढावा आणि धावणे थांबताच, थंडी वाजायची वाट न पाहता, तो लगेच घालावा. वाचणारे पुष्कळ जण पहिला भाग पाळतात आणि दुसरा विसरतात.

किती कपडे घालावेत, याचाही एक सोपा नियम आहे. घरातून बाहेर पडताना थोडेसे गार वाटले पाहिजे. उंबरठ्यावरच उबदार वाटत असेल, तर पहिल्याच फेरीनंतर तुम्ही घामाघूम व्हाल. म्हणून उभे राहण्यासाठी नव्हे, तर धावण्याच्या दहाव्या मिनिटासाठी कपडे घालावेत. पहिली दहा मिनिटे भरभर चालून आणि हातपाय मोकळे करून अंग तापवावे. त्यामुळे स्नायू आखडत नाहीत आणि दुखापतही टळते.

वाऱ्याचा हिशेबही लक्षात घ्या. तापमान ५ अंश असेल आणि ताशी २० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या कातडीला ते सुमारे १ अंशासारखे जाणवते. वारा पडलेला असला तरी तुम्ही ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल चालवत असाल, तर हा वारा तुम्ही स्वतःच तयार करता. म्हणून पायी धावणाऱ्यापेक्षा सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलाला वारा अडवणाऱ्या कपड्याची आणि हातमोज्यांची जास्त गरज असते. वाऱ्याच्या दिवशी जाताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जावे आणि परतताना वारा पाठीवर घ्यावा. त्यामुळे घामेजलेल्या अंगावर समोरून वारा येत नाही.

आता डोके, हात आणि पाय यांच्याविषयी. शरीराची अर्धी उष्णता डोक्यातून जाते, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही कानटोपी उपयोगी आहे, कारण कान पातळ असतात आणि लवकर बधिर होतात. हाताची बोटेही लवकर गार पडतात. थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसे अशा महत्त्वाच्या अवयवांकडे रक्त राखून ठेवते आणि हातापायांकडचा पुरवठा कमी करते. म्हणून हातमोजे घालावेत. ते लोकरीचेच हवेत असे नाही. जुने पायमोजे हातांत चढवले तरी काम भागते. बुटांत मात्र दोन-दोन मोजे कोंबू नयेत. पाय आवळला गेला की रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त थंडी वाजते. कोरडा, पायाला नीट बसणारा एकच मोजा पुरे.

मुलींसाठी दोन शब्द. ओढणी किंवा मफलर यांचे टोक मोकळे लोंबत असेल, तर ते सायकलच्या चाकात किंवा साखळीत अडकून गळ्याला फास बसू शकतो. अशा वेळी ओढणी दोन्ही बाजूंनी पिनने नीट बसवावी आणि टोके आत खोचावीत. डोक्याला रुमाल किंवा हिजाब बांधणाऱ्या मुलींनी पातळ, अंगासरशी बसणारे कापड निवडावे. ते कानटोपीचेही काम करते. रुमाल बांधून खेळता येत नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा की, २०१४ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या नियमांत आणि २०१७ साली बास्केटबॉलच्या नियमांत डोके झाकणाऱ्या वस्त्राला परवानगी मिळाली आहे. अट एवढीच, की त्यापासून कोणत्याही खेळाडूला धोका होऊ नये आणि त्याचे सुटे भाग बाहेर लोंबू नयेत. रुंद घेराची सलवार धावताना पायांत येते. तिच्याऐवजी ट्रॅकपँट आणि वर लांब सैल कुर्ता घातला, तर थंडी, सोय आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

आणखी एक गोष्ट थंडीपेक्षाही धोक्याची आहे, ती म्हणजे अंधार. जानेवारीत नाशिककडे सूर्य सकाळी सात वाजून गेल्यावर उगवतो. पहाटे साडेपाचला धावणाऱ्याच्या अंगावर काळा स्वेटर, काळी शाल किंवा गडद रंगाचा बुरखा असेल, तर ट्रकच्या चालकाला तो धुक्यात दिसतच नाही. म्हणून सर्वांत वरचा कपडा पांढरा, पिवळा किंवा फिकट रंगाचा असावा. प्रकाश पडताच चमकणारी पट्टी मिळते. ती पाठीवर आणि घोट्यापाशी शिवून घ्यावी. हालणारे पाय चालकाच्या नजरेत लवकर भरतात. शक्यतो मोठ्या रस्त्याने धावूच नये. मैदान किंवा शेताची वाट बरी. रस्त्यानेच जावे लागले, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने धावावे.

तुम्हांला वाटेल, थंडीचा एवढा बाऊ कशाला? त्यासाठी एक खरी घटना ऐका. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, डोंगराळ भागात १०० किलोमीटर धावण्याची शर्यत होती. १७२ धावपटू निघाले. ते काही नवशिके नव्हते. त्यांच्यात नावाजलेले धावपटूही होते. महिना मे होता. त्यामुळे बहुतेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि आखूड चड्डी होती. वारा अडवणारे जॅकेट जवळ बाळगणे सक्तीचे नव्हते. अनेकांनी ते पुढच्या टप्प्यावर पाठवून दिले होते. दुपारच्या सुमारास डोंगरात अचानक हवामान पालटले. गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. ओले कपडे आणि वारा हे दोन्ही शत्रू एकदम चालून आले. २१ धावपटू त्या दिवशी मरण पावले.

त्याच डोंगरात एक मेंढपाळ मेंढ्या चारत होता. पावसामुळे तो एका गुहेत थांबला होता. तेथे त्याने कपडे आणि पांघरुणे ठेवलेली होती. त्याने गारठलेल्या धावपटूंना गुहेत आणले, शेकोटी पेटवली, त्यांना पांघरुणे दिली. अशा रीतीने त्याने सहा जणांचे प्राण वाचवले. जे धावपटू वेगात त्याच्या कितीतरी पुढे होते, त्यांना कोरडे पांघरूण आणि थोडी ऊब यांनीच वाचवले.

म्हणून गारठ्याची लक्षणे प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजेत. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. सुरुवातीला अंग जोराने थरथरते आणि बोटे बधिर होतात. मग जीभ जड होते, शब्द नीट उच्चारता येत नाहीत, चालताना तोल जातो. असा मुलगा "मला काही झाले नाही" असे म्हणतो. पण त्याच्या बोलण्यावर विसंबू नये. त्याला वाऱ्यातून आडोशाला न्यावे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, घोंगडीत किंवा रजईत गुंडाळावे. तो पूर्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर कोमट, गोड चहा किंवा दूध द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत आणि बधिर झालेली बोटे शेकोटीच्या अगदी जवळ धरू नयेत. चटका बसला तरी कळत नाही. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

दम्याचा त्रास असलेल्या मुलांनी विशेष जपावे. थंड, कोरडी हवा छातीत गेली की श्वासनलिका आकसतात. नाक-तोंडावर सैल रुमाल बांधला, तर आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. अशा मुलांनी व्यायामाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आपले औषध सोबत ठेवावे. थंडीत तहान कमी लागते, पण घाम येतच असतो. म्हणून पाणी पिणे विसरू नये.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. "सर, जर्सी, जॅकेट, विंडचीटर हे सगळे विकत घ्यायला पैसे कोठून आणायचे?" शंका रास्त आहे. पण आपण जे शिकलो ते दुकानावर अवलंबून नाही. घरात फक्त सुती बनियन असेल, तर दोन बनियन घ्या. एक घालून धावा. दुसरी कोरडी बनियन पिशवीत ठेवा. धावणे संपताच आडोशाला जाऊन ओली काढा, अंग पुसा आणि कोरडी घाला. वरून मोठ्या भावाचा जुना स्वेटर चढवा. वारा फार असेल, तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पाने ठेवा. कागदातून वारा सहजासहजी जात नाही. सायकलच्या मोठ्या शर्यतींत घाटावरून उतरताना नामांकित सायकलपटू ही युक्ती वापरत आले आहेत. म्हणजे एक बनियन, एक टॉवेल आणि कालचा पेपर एवढ्यावरही काम भागते.

आणि वर्गात असाही एखादा सोबती असेल, ज्याच्याकडे बदलायला दुसरी बनियन किंवा अंगात घालायला स्वेटर नाही. तो तुम्हांला सांगणार नाही. "मला थंडी वाजतच नाही" असे म्हणून तो हसेल. सरावानंतर तो थरथरताना दिसला, तर कोणाला कळू न देता आपली शाल त्याच्या खांद्यावर टाका. संघातला एक खेळाडू आजारी पडला, तर सामना सगळेच हरतात.

तेव्हा मित्रांनो, थंडीला घाबरून पांघरुणात पडून राहू नका आणि थंडीला क्षुल्लक समजून तिची थट्टाही करू नका. थोडे गार वाटेल असे निघा, घाम फुटण्याआधी थर काढा, थांबताच कोरडे कपडे घाला आणि रस्त्यावर सर्वांना दिसाल असे राहा. एवढे केले की पहाटेची थंडी तुमच्या व्यायामाची सोबती होईल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बर्फ विकणारा बर्फावर गोणपाट का टाकतो?
(आ) कपड्याची खरी ऊब कशात असते?
(इ) मेंढपाळाने धावपटूंचे प्राण कसे वाचवले?

२. कारणे लिहा.
(अ) धावून थांबल्यावर जास्त थंडी वाजते.
(आ) बुटांत दोन-दोन मोजे घालू नयेत.

३. 'ऊन' हा शब्द उर्दूत आणि मराठीत वेगवेगळ्या अर्थांनी येतो. असे आणखी तीन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. तीन बाटल्यांचा प्रयोग घरी करा. काय आढळले, ते पाच-सहा वाक्यांत लिहून वर्गात वाचून दाखवा.